बांगेच्या आधी की नंतर

"म्हणजे बांगेच्या आधी की नंतर, तेवढं फक्त सांगा," दगडवाला तुकिमिन फोनवर म्हणाला. "तुम्ही तर तिथंच होतात ना, पाक."

शुक्रवारची सकाळ, साडेदहा वाजलेले, काउंटरपलीकडे सुजलेल्या गालांची तीन माणसं बाकावर बसलेली, आणि मी गप्प झालो. मी गप्प होणारा माणूस नाही. या दातांच्या दवाखान्यात एकोणतीस वर्षं मी लोकांना तारखा देतोय आणि त्या पाठ ठेवतोय. वहीत लिहितो ते नुसतं डॉक्टरीणबाईंच्या समाधानासाठी. "पाक हार्दोयो, माझी पुढची तारीख कधी?" असं कुणी दारातून विचारलं की मान वर न करता मी सांगतो, गुरुवार, सव्वाचार, आणि मागच्या वेळी तुम्ही वीस मिनिटं उशिरा आला होतात. लोक हसतात, काही चिडतातही. तर असा मी, आणि एका साध्या प्रश्नाला वहीची पानं उलटत बसलो. "ऐकताय ना?" तुकिमिन म्हणाला. त्याचं म्हणणं सरळ होतं. माझ्या बायकोच्या कबरीवर हजाराव्या दिवशी दगड बसवायचा होता आणि त्यावर कोरायला मी त्याला लिहून दिलं होतं: पालुपी, ३१ मे, बुधवार पोन. त्यानं पंचांग उघडलं तर ३१ मेला वार मंगळवार आणि बाजाराचा दिवस पाहिंग. "आता बाई दिवस मावळल्यावर गेल्या असतील तर पुढचाच दिवस धरायचा, बुधवार पोन, माझी काही तक्रार नाही. पण मृत्यूच्या दाखल्याच्या झेरॉक्सवर वेळ घातलीय साडेपाच. आणि मेअखेरीला आपल्या सेमारांग शहरात मगरिबची, दिवस मावळल्याची बांग होते तीही साडेपाचलाच. मग मी काय समजायचं? कागदावरचं खोडता येतं, पाक. संध्याकाळपर्यंत सांगा, उद्या सकाळी छिन्नी लावतो." सांगतो म्हणालो, फोन ठेवला, आणि बाकावरच्या बाईंना सोमवारऐवजी मंगळवारची तारीख देऊन बसलो. त्याच म्हणाल्या, "अहो पाक, मंगळवारी तर तुमचा दवाखाना बंद असतो!"

आमच्याकडे दिवस मध्यरात्री बदलत नाही, दिवेलागणीला बदलतो. आणि सात वारांच्या जोडीनं बाजाराच्या पाच दिवसांची फेरी चालते. माणूस जन्मला कधी, गेला कधी, हे त्या जोडीनं लक्षात ठेवायचं. तारीख सरकारला सांगायची, घरात जोडी. गेलेल्या माणसाचा सातवा करायचा, चाळिसावा, शंभरावा, पहिलं वर्ष, दुसरं वर्ष, आणि शेवटचा हजारावा. तोवर ते माणूस घराच्या आसपासच असतं म्हणतात, पाण्याच्या रांजणापाशी, उंबऱ्यापाशी. हजारावा दिवस सरला की निघतं, ते मग मागं वळून बघत नाही. म्हणून त्या दिवशी घरच्यांनी हजर राहून निरोप द्यायचा असतो. बुधवार धरला तर पालुपीचा हजारावा दिवस सोमवार येत होता, म्हणजे रविवारी दिवेलागणीला लागणारा, आणि रविवारच्या मगरिबनंतर मी गल्लीतल्या चाळीस घरांना जेवायला बोलावून ठेवलं होतं. मंगळवार धरला तर हजारावा रविवारीच. शनिवारी दिवेलागणीला लागला आणि रविवारी दिवेलागणीला संपला. माझी माणसं चटयांवर टेकेपर्यंत ती निघून गेलेली. मी टेबलाखाली बोटांवर मोजलं, परत मोजलं, मग वहीच्या मागच्या पानावर मोजलं, आणि चौथ्यांदा मोजायला घेतलं. कारण बायको जाताना मी जागेवर नसणं हे एकदा होऊन गेलेलं आहे. मी तिथंच होतो, हे तुकिमिनला कुणी सांगितलं? मीच. सगळ्यांना मीच सांगितलंय.

पालुपी सहा दिवस मोठ्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत होती. मूत्रपिंडं थकली होती तिची. एका पेशंटजवळ एकच माणूस असा नियम, आणि आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा ते माणूस मी. सहा दिवस मी त्या लोखंडी स्टुलावर काढले, हे काही खोटं नाही. तिच्या ओठांना ओला कापूस लावला, पायाला तेल लावलं, नर्सशी भांडलो. सहाव्या दिवशी पावणेपाचला तिला झोप लागली होती, श्वास बरा वाटत होता, आणि मला भूक लागली. दुसरं काही नाही. औषध आणायचं नव्हतं, कुणी हाक मारली नव्हती. भूक लागली म्हणून खाली उतरलो, गल्ली ओलांडून बू जुमिराच्या टपरीवर बसलो, टेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची, गरम भजी खाल्ली, गोड चहा घेतला. मग दुसरा ग्लास घेतला. बू जुमिरानं तिच्या नवऱ्याची काहीतरी गोष्ट सांगितली आणि मी हसलो. बारीकसं नाही, पोट धरून हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सहा दिवसांचं तुंबलेलं सगळं त्या हसण्यातून बाहेर पडलं असावं. मग जिना चढून वर आलो तर नर्स चादर नीट करत होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि डोकं हलवलं. मी दारात उभा राहिलो, बोटांना भज्यांचं तेल. थोड्या वेळानं पालुपीची थोरली बहीण वारसिनी (थोरल्या बहिणीला आम्ही म्बाक म्हणतो) धापा टाकत आली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मी हात धरला होता, म्बाक. बांग सुरू झाली आणि ती गेली." का म्हणालो कोण जाणे. बाहेर बांग होत होती एवढं खरं, पण ती कधी सुरू झाली, माझ्या पावलांच्या आधी की नंतर, हे मला ठाऊक नव्हतं. पण ते वाक्य बाहेर पडलं, आणि मग लोकांनीच वाढवलं. मौलवी म्हणाले, किती पुण्यवान. शेजारच्या बायका म्हणाल्या, नवऱ्याच्या हातात हात आणि कानात बांग, असं मरण नशिबात असावं लागतं. मी मान हलवत गेलो. हजार दिवस मान हलवतोय.

आणि दिवस चुकणं हे तिच्या बाबतीत! ती जर ऐकत असेल ना, तर कपाळाला हात लावून बसली असेल. आमची ओळखच दिवसावरून भांडण होऊन झाली. मी दवाखान्यात नवा होतो, बावीस-तेवीस महिन्यांचा अनुभव, आणि शिस्तीचा भारी ताठा. एका मंगळवारी संध्याकाळी (तेव्हा मंगळवारची सुट्टी नव्हती) दवाखाना बंद करत होतो, तर बालवाडीची एक बाई गालाला ओढणी बांधून दारात उभी. म्हटलं, तुमची तारीख उद्याची, बुधवारची. तर म्हणाली, आजच बुधवार आहे. मी कॅलेंडर दाखवलं. तिनं मला दाराबाहेर बोलावलं आणि सुजलेल्या तोंडानं म्हणाली, "वर बघा. अंधार पडलाय की नाही? पडलाय ना? मग लागला बुधवार. तुमच्या कॅलेंडरला डोळे नसतील, तुम्हाला तर आहेत!" डॉक्टरीणबाई आतून हसल्या आणि तिची दाढ काढली. मी तिला पाणी दिलं, तिनं चूळ भरली आणि रक्त माझ्या बुटांवर उडालं. पुढं तेवीस वर्षं ती माझ्या घरात होती आणि घरातल्या, गल्लीतल्या, मेलेल्या-जिवंत सगळ्यांच्या जोड्या तिला तोंडपाठ. दर पस्तीस दिवसांनी (साता-पाचाची जोडी तेवढ्यानं परत जुळते) माझा जन्मदिवस फिरून आला की लाल-पांढरी खीर माझ्यासमोर यायची, अगदी भांडण झालेलं असलं तरी यायची, फक्त वाटी जरा जोरात आपटली जायची. आणि मला तिचा दिवस कधी लक्षात राहिला नाही. मला! लोकांच्या रूट कॅनालच्या तारखा तीन-तीन वर्षांच्या सांगणाऱ्याला! ती मला मास म्हणायची, नवऱ्याला म्हणतात तसं. सकाळी विचारायची, "मास, आज कोणाचा दिवस?" आणि मी भिंतीकडे बघत बसायचो. ती रागवायची नाही. म्हणायची, "तुमच्या डोक्यात अख्ख्या शहराचे दात भरलेत, मला जागा कुठली?" मी तेव्हा हसण्यावारी न्यायचो. आता तो आवाज आठवला की त्या पस्तीस-पस्तीस दिवसांतला एक तरी परत द्यावा कुणी, असं वाटतं, मी सकाळी उठून आधी तिला सांगेन, पालुपी, आज तुझा. ती गेल्यावर मात्र मी तिचे सगळे दिवस नेमानं केले. सातवा, चाळिसावा, एकही चुकवला नाही असं म्हणत होतो. आणि आता हा दगडवाला म्हणतो, बघा जरा.

दुपारभर मी काउंटरवर बसून होतो पण दवाखान्यात नव्हतो. तुकिमिनला "नंतर" म्हणून टाकणं किती सोपं होतं! एक शब्द. हजार दिवस चाललंय तसं पुढं चाललं असतं, दगडावर बुधवार पोन, आणि ती दर येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या दगडाखालून सांगत राहिली असती की माझा नवरा माझ्याजवळ होता. पण मी ते म्हणालो, आणि ते खरं नसलं, तर रविवारी दिवस मावळताना ती निघायची आणि मी आपला मागच्या दारी पाहुण्यांसाठी भात उपसत असायचा. पुन्हा एकदा खाण्याच्या नादात. चारला मी डॉक्टरीणबाईंना म्हटलं, बरं वाटत नाही. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा म्हटलं, त्यामुळे त्या घाबरल्याच. "पाक, रक्तदाब बघू का?" म्हणाल्या. मी नको म्हटलं आणि स्कूटर काढली.

पालुपी गेली त्या मोठ्या दवाखान्याच्या गल्लीत मी तेव्हापासून पाय ठेवला नव्हता, लांबचा वळसा पडला तरी चालेल. टपरी तिथंच होती, तीच निळी ताडपत्री, जास्त फाटलेली. बू जुमिरानं मला ओळखलं नाही. रोज किती माणसं येत असतील तिच्याकडे, वरच्या मजल्यांवरून उतरलेली. "गोडच ना?" म्हणत तिनं चहा पुढं केला. मी विचारलं, "बू, टपरी कधी बंद करता तुम्ही?"

"का हो? पालिकेकडून आलात की काय?"

"नाही, नाही. आपलं सहज."

"बांगेच्या आधी. रोज. भोंगा सुरू व्हायच्या आत शेगडी गार आणि मी घराच्या वाटेला. सासूनं लावलेली शिस्त आहे, सासू गेली पण शिस्त काही जाईना!"

"कधीच चुकलं नाही? एखाद्या दिवशी गिऱ्हाईक बसून राहिलं..."

"गिऱ्हाईक बसू दे की. मी शेगडीवर पाणी ओतते, धूर तोंडावर गेला की उठतंच ते."

तेव्हा मला ते आठवलं. मी पैसे देत होतो, अजून हसत होतो, आणि तिनं निखाऱ्यांवर तांब्यानं पाणी ओतलं, चर्र झालं, धूर आला, मी खोकलो आणि खोकता खोकताही हसलो. बांग नव्हती. मग गल्ली, मग जिना, मग दार, मग नर्सचं डोकं हलणं, आणि त्यानंतर, तिच्या हातातली चादर पालुपीच्या गळ्यापर्यंत आल्यावर, मशिदीचा भोंगा खरखरला. इतकं स्वच्छ दिसलं की मला चहाचा ग्लास खाली ठेवावा लागला. हजार दिवस मी या चर्रपाशी येऊन मागं फिरत होतो. बू जुमिरा म्हणाली, "काय झालं? साखर जास्त पडली का?" मी म्हटलं, नाही, बरोबर आहे.

म्बाक वारसिनींचं घर तिथून स्कूटरनं दहा मिनिटांवर. सत्तरी उलटलीय त्यांची, एकट्या राहतात, शाळेत गणित शिकवायच्या. मी गेलो तेव्हा स्वयंपाकघरात फरशीवर बसून त्या तांदळाचं पीठ चाळत होत्या, आपेमसाठी, म्हणजे गेलेल्यांच्या नावानं करायच्या घावनांसाठी. मी चपला काढल्या, दारातच उभा राहिलो आणि बसायच्या आधी बोलून टाकलं, बसलो असतो तर बोललो नसतो.

"म्बाक, पालुपी गेली तेव्हा मी तिच्याजवळ नव्हतो."

त्यांचा हात थांबला नाही. "माहीत आहे," त्या म्हणाल्या. "ते पातेलं जरा इकडं सरकव."

मी पातेलं सरकवलं. त्यांनी चाळण झटकली. "दाखल करताना फॉर्मवर तू माझा नंबर लिहिला होतास, तुझा मोबाइल बंद पडला होता म्हणून. पाच वाजून अठरा मिनिटांनी नर्सचा फोन आला. तुमची बहीण गेली, म्हणाली, मिस्टर कुठं दिसत नाहीत. मी एका मोटारसायकलवाल्याच्या मागं बसून निघाले, या वयात, कपडे सावरत. पुलावर होते तेव्हा बांग झाली."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं होतं? तू दारात उभा, तोंड असं झालेलं, आणि म्हणतोस हात धरला होता. मी म्हटलं, याला हे लागणार आहे पुढं. राहू दे याच्याजवळ."

"पण म्बाक, दिवस! सगळे दिवस चुकले तिचे. सातव्यापासून सगळे."

"तुझे चुकले. तिचे कशाला चुकतील? मी करत होते ना," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "तुझ्या आदल्या दिवशी, इथं. चार आपेम, फुलं, ग्लासभर पाणी. दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे यायचे, जेवायचे, आणि तुझा मिरचीचा सांबाल खारट झालाय म्हणून घरी यायचे. एकदाही बरा केला नाहीस."

मी तिथंच फरशीवर बसलो आणि रडलो. साठीच्या माणसानं रडावं तसं नाही, नाक वाहीपर्यंत. त्यांनी रडू दिलं. मग ओढणीच्या टोकानं हात पुसून म्हणाल्या, "पुरे. पिठात पडेल." मी विचारलं, हजारावाही मला न सांगता एकट्यानंच करणार होतात का? "वेडा आहेस का? उद्या संध्याकाळी तुला बोलावणारच होते. साखर संपली, सिलिंडर संपला, काहीतरी थाप मारली असती. हजाराव्याला तुला तिच्यासमोर बसवल्याशिवाय सोडते की काय मी?" आणि ती चाळीस घरं? "येऊ देत की रविवारी. जेवतील, दुवा देतील, त्यात काय बिघडलं? लोकांचं लोकांपाशी. उद्या दिवस मावळला की आपण दोघं."

मी तिथूनच तुकिमिनला फोन लावला. मंगळवार पाहिंग, म्हणालो.

"म्हणजे बांगेच्या आधी. नक्की ना, पाक?"

"नक्की. मी तिथं नव्हतो, पण आधीच."

त्यानं ते लिहून घेतलं. मग म्हणाला, "माझा बाप गेला तेव्हा मी जाकार्तात होतो, सिमेंट कालवत. बरं, मंगळवार पाहिंग. कोरतो." पलीकडं कुणीतरी त्याला हाक मारली आणि त्यानं फोन ठेवला.

म्बाकनी पिठात नारळाचं दूध ओतलं आणि मला ढवळायला बसवलं. "पण होतास कुठं तू?" त्या म्हणाल्या. "हे मात्र मला कधी कळलं नाही." मी सांगितलं. टपरी, भजी, दुसरा ग्लास. मग सांगितलं की मी हसत होतो, म्बाक, ती जात होती तेव्हा मी खाली बसून खदाखदा हसत होतो. मला वाटलं आता तरी त्या काही बोलतील. त्या म्हणाल्या, "कशाला हसत होतास?"

"आता काय त्याचं?"

"सांग तर. सहा दिवस जागलेला माणूस हसला म्हणजे तसंच काहीतरी असणार."

मग मी सांगितलं. बू जुमिराचा नवरा एका लग्नाला गेला. बाटिकचा शर्ट घातला, आहेराचं पाकीट घेतलं, मांडवात दोनदा जेवला, नवरानवरीशी हात मिळवले, फोटोला ऐन मधोमध उभा राहिला. घरी येऊन बायकोला म्हणतो, तुझी भाची काय उजळलीय गं, ओळखूच आली नाही, आणि नवरा बदलला वाटतं, पत्रिकेत नाव दुसरं होतं. ती म्हणाली, अहो, लग्न उद्या आहे! दुसऱ्या दिवशी हा गडी जायला तयार नाही. म्हणाला, मी जेवून आलोय, आता त्यांचं आणखी किती वेळा लग्न लावायचं? "आणि म्बाक, त्या भलत्याच लोकांच्या घरात भिंतीवर तो फोटो लागलाय, नवरीच्या बापाच्या शेजारी हा. दोन्हीकडचे अजून एकमेकांना विचारत असतील, हा तुमच्याकडचा की आमच्याकडचा?"

म्बाक हसल्या. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग चाळण बाजूला ठेवून त्यांनी गुडघ्यावर थापा मारल्या. "बाई गं," म्हणाल्या, "पालुपीला सांगितलं असतंस तर बेडवरून पडली असती."

आणि माझा हात पातेल्यात थांबला. मी तो जिना दोन-दोन पायऱ्या टाकत चढलो होतो. इतके दिवस मला वाटत होतं की अपराधी वाटलं म्हणून, उशीर झाला म्हणून. पण तेव्हा मला कुठं काय माहीत होतं? मी हसतच चढत होतो.

"म्बाक," मी म्हटलं, "ते मी तिलाच सांगायला चाललो होतो हो."

त्यांनी डोळे पुसले, हसण्याचे की कशाचे ते मी विचारलं नाही. माझ्या हातातला डाव घेऊन त्या स्वतः पीठ ढवळायला लागल्या.

"मग उद्या सांग," त्या म्हणाल्या. "रविवारी दिवस मावळेपर्यंत आहे ती."